टिकलीचा गोंद

वालीवच्या कारखान्यात चिकट टिकल्या नव्यानेच निघू लागल्या होत्या. गोंदाने अंगावर पुरळ उठतं का, हे पाहायला मालक ससे आणणार होते. केमिस्ट सरलाला मात्र प्रश्न पडला, सशाच्या कपाळाला घाम कुठे येतो? तिने पॅकिंगच्या बायकांनाच विचारलं, टिकली लावून बघाल का? डाग पडेल म्हणून सगळ्या मागे सरल्या. पुढे आली एकटी चंद्रकांता. ‘कपाळ कोरं, चाचणीला सोयीचं,’ सरलाने वहीत लिहिलं.

"डागाची भीती वाटत असेल तर दंडावर लावली तरी चालेल," ती म्हणाली.

"टिकली दंडावर कोण लावतं, बाई? कपाळावरच लावा. किती दिवस ठेवायची?"

"पंधरा. घरी गेल्यावरही काढायची नाही."

"नाही काढत."

सरला रोज भिंगातून तिचं कपाळ बघायची. लाली नाही, पुरळ नाही. पंधराव्या दिवशी तिने विचारलं, "खाज?"

"माझा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, बाई," चंद्रकांता म्हणाली. "कपाळाला काही नाही. खाज सुटलीय ती आमच्या आळीला. अजून पंधरा दिवस बघूया का?"