गाडीचा मेंदू

“अहो, भाचीच्या लग्नाचा मुहूर्त साडेदहाचा आहे. गाडी सुरू होणार, की मी रिक्षा बघू?” पैठणी सावरत बायकोने विचारलं.

“होणार म्हणजे काय! पळणार!” सबनीसांनी लॅपटॉप मिटला. तीन आठवडे जेवणाच्या टेबलावर वायरींचा पसारा मांडून त्यांनी भंगारातून आणलेलं कंट्रोल मॉड्यूल घरीच नव्याने प्रोग्राम केलं होतं. मॉड्यूल म्हणजे गाडीचा मेंदू. तो आधी कोणत्या गाडीत होता, एवढं विचारायचं मात्र राहून गेलं होतं.

खाली येऊन दोघं गाडीत बसली आणि सबनीसांनी चावी फिरवली. इंजिन झक्क सुरू झालं. गाडी फाटकापाशी गेली, आपणहून थांबली, डिकी उघडली आणि स्पीकर खणखणला, “ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा!”

मेंदू घंटागाडीचा होता.

सबनीसांनी दिसेल ते बटण दाबलं. आवाज आणखी चढला. तोवर अख्खी सोसायटी बादल्या घेऊन धावत आली. “आज किती उशीर केलात हो!” म्हणत शेजारच्या रेगेकाकूंनी कालची कोळंबीची सालं डिकीत उपडी केली. सबनीस घामाने निथळत स्टिअरिंगला चिकटून बसले.

बायको उतरली, वर गेली आणि लॅपटॉप अन् वायरींचा गुंताडा घेऊन परत आली. तो तिने डिकीत टाकला आणि रिक्षाला हात केला.

“काकू, सुका टाकलाय,” ती म्हणाली, “ओला आत बसलाय.”