अकरा थर

सोमवारी हिएनची कार्बनच्या थरांची तक्ती काट्यावर ठेवली आणि प्राध्यापक वेत्सिगबाई चक्क हसल्या. दोन वर्षांत त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

"अकरा थर! तेवढीच ताकद, अकरा थरांत. बघा, हलकं करणं म्हणजे हे."

तोल्गाला बारा लागले होते. एक थर जास्त, कागदाएवढा पातळ. तो थर त्याच्या छातीवर शिळेसारखा बसला.

जर्मनीतल्या त्या विद्यापीठात वेत्सिगबाईंकडे विमानाच्या पंखावर प्रबंध करायला एकच जागा होती. सहा जण टपलेले. तोल्गानं तुर्कस्तानात कायसेरीला आईला फोनवर सांगूनही टाकलं होतं, जागा माझीच. आईनं ते गल्लीभर केलं होतं. आणि ही हनोईची पोरगी मध्येच उपटली. वर पुन्हा गोड. जर्मन अर्ज तिनंच त्याला भरून दिले होते. अशा माणसाचा धड रागही करता येत नाही, म्हणून जास्त येतो.

"काय रे, तोंड का आंबट? चल जेवायला," हिएन म्हणाली. "आज बटाट्याचं सूप आहे. म्हणजे रोजचंच."

"तू हो पुढे. माझं आवरायचंय."

सगळे कँटीनला गेले. तक्त्या टेबलावर ओळीनं पडल्या होत्या, कार्बनचे चिकट, काळे थर एकावर एक. उद्या त्या गरम दाबयंत्रात जाणार आणि कायमच्या एकजीव होणार.

तोल्गानं हिएनच्या तक्तीचे वरचे दोन थर उचलले. कार्यशाळेच्या कपाटातली नाण्याएवढी टेफ्लॉनची चकती आत सरकवली. थर पुन्हा बसवले, बोटानं दाबले. चकती आली की तिथले थर एकमेकांना धरत नाहीत. वरून काही दिसत नाही. आत पोकळ.

हात धुताना त्याला भूक लागली. कडकडून.

गुरुवारी तपासणी होती. ज्यानं त्यानं आपली तक्ती ध्वनिलहरींच्या यंत्राखाली धरायची, आत काय दिसतं ते लिहायचं आणि सही ठोकायची. कार्यशाळेचे मिस्त्री हेर क्वेलमाल्त्स, हेर म्हणजे तिकडचं श्रीयुत, दाराशी कॉफी पीत उभे होते. हा माणूस तीस वर्षं तिथेच उभा असावा असं वाटायचं.

तोल्गानं आपली तक्ती यंत्राखाली सारली. डोळे मात्र शेजारच्या पडद्यावर. तिथे निळ्यात एक लाल ठिपका उगवला. हिएनचा चेहरा उतरला.

"अरे, मी तर प्रत्येक थर दाबून दाबून लावला होता."

"होतं गं. एखाद्याचं नशीब," तोल्गा म्हणाला. जीभ अडखळली नाही.

"मग लिहू का?"

"तुझी मर्जी बाई."

ती खाली मान घालून लिहीत बसली. किती खोल, किती रुंद, कडेपासून किती. तोल्गानं आपल्या कागदावर 'दोष नाही' लिहिलं, सही केली आणि शीळ वाजवत बाहेर पडला.

शुक्रवारी वेत्सिगबाई कागद घेऊन उभ्या राहिल्या.

"जागा हिएनची."

तोल्गा उठलाच. "बाई, तिच्या तक्तीत दोष आहे! तिनंच लिहिलंय!"

"म्हणूनच. दोष सगळ्यांच्या तक्तीत होता. दर वर्षी आम्ही न सांगता चकत्या पेरतो, हेर क्वेलमाल्त्स पेरतात. तिघांना दिसला आणि त्यांनी दडवला, हेर क्वेलमाल्त्स दाराशी उभे राहून तेच बघत होते. दोघांना दिसलाच नाही. तुमच्या पंखाखाली माणसं बसणार आहेत. मला लिहिणारा माणूस हवा."

हिएनच्या डोळ्यांत पाणी आलं. बाकीचे तिच्याभोवती गोळा झाले. तोल्गा बसला. दोघांना दिसलाच नाही, त्यातला एक कोण हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तो आपल्या पडद्याकडे बघतच नव्हता.

चला, निदान आपली करणी तरी खपली, असं त्याच्या मनात आलं.

हेर क्वेलमाल्त्स त्याच्या टेबलाशी आले. त्याचा तपासणीचा कागद पुढ्यात ठेवला आणि खिशातून टेफ्लॉनची एक चकती काढून त्याच्या सहीवर ठेवली.

"सोमवारी संध्याकाळी मोजून सहा घेतल्या होत्या रे," ते हळूच म्हणाले. "पाच पेरल्या. हिएनची उघडली तर आत एक आधीच होती. आणि जेवणाच्या वेळी मागे तू एकटाच होतास. तेवढी माझी मेहनत वाचवलीस."