मेकॅनिकची सही

सकाळी नवराबायकोचं कडाक्याचं भांडण झालं आणि ती एकटीच कामावर निघून गेली. पण जाऊन जाणार कुठे? तो कुरिअरच्या व्हॅनवर ड्रायव्हर, ती त्याच कंपनीच्या गाड्यांची मेकॅनिक. आणि तिची सही झाल्याशिवाय एकही गाडी गेटबाहेर काढायची नाही, असा नियम. बाकीच्यांच्या गाड्या तपासून तिने सह्या केल्या. त्याच्या गाडीखाली टॉर्च घेऊन शिरली, बाहेर आली आणि स्टिअरिंगला ‘गाडी चालवू नये’ असा लाल टॅग अडकवला. सगळे ड्रायव्हर गालातल्या गालात हसले.

“घरचा राग इथे काढू नकोस!” तो दातओठ खात म्हणाला.

“ड्रायव्हरसाहेब, जरा खाली वाकून बघता का?”

तो वाकला. ब्रेकचा पाइप चिरला होता, ऑइल थेंब थेंब गळत होतं. पहिल्याच उतारावर काय झालं असतं, हे त्याच्या लक्षात आलं. उठून तो चाचरत म्हणाला, “म्हणजे... तू रागावलेली नाहीस?”

हात पुसता पुसता ती म्हणाली,

“खरंच रागावले असते, तर सही करून टाकली असती की!”