वरचा पंख

शुभदा दिवाणावर बसली आणि कडकन आवाज झाला.

अनुष्काच्या हातातला पोळीचा घास खाली पडला. "आई! माझा वरचा पंख!"

डिंक वाळावा म्हणून तो पंख कालपासून दिवाणावर ठेवला होता. त्याचे तीन तुकडे झाले होते. विमानाचं धड, शेपटी, रबरबँडवर फिरणारा पंखा आणि खालचा पंख टेबलावर शाबूत होते. १९९२चा विज्ञान दिन. अकरा वाजता भाईंदरच्या शाळेत स्पर्धा. ज्याचं विमान मैदानातली चुन्याची रेघ ओलांडेल, तो जिल्ह्यासाठी ठाण्याला जाणार.

"संपलं ठाणं," हरिश्चंद्र म्हणाला. आठवीतल्या लेकीपेक्षा त्याचाच चेहरा जास्त पडला होता. जगातल्या पहिल्या विमानाला एकावर एक असे दोन पंख होते, म्हणून त्याने हट्टाने तसंच करायला लावलं होतं. ते राहायचे त्या इंद्रलोक सोसायटीच्या गच्चीवर विमान चार वेळा नाकावर आपटलं. दर वेळी त्याने दोन पंखांमध्ये आणखी दोरे ताणले. शुभदा ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायची. तिने वजनाचा विषय काढला की तो म्हणे, "एकाच्या जागी दोन, म्हणजे दुप्पट ताकद. साधं गणित आहे."

"१९०९ साली एका फ्रेंच माणसाने एकपंखी विमानातून समुद्र ओलांडला," शुभदा म्हणाली. "थेट इंग्लंडला उतरला."

"त्याची बायको पंखावर बसली नव्हती."

शुभदाने लोंबणारे दोरे कापले, खालचा पंख बोटभर पुढे सरकवून चिकटवला. चहात साखरही सपाट चमच्याने मोजून घालणारी बाई, पण या वेळी तिने फूटपट्टी शोधली नाही.

शाळेच्या मैदानात पहिली पाच विमानं रेघेच्या अलीकडेच पडली. अनुष्काने रबर पिळला, डोळे घट्ट मिटले आणि विमान सोडलं. ते डुगडुगलं, सावरलं, रेघेवरून गेलं आणि परीक्षकांच्या डोक्यावरून जाऊन मागच्या कुंपणात अडकलं.

हरिश्चंद्रने अशी शीळ घातली की मुख्याध्यापिका वळून बघायला लागल्या.

परतताना रिक्षात तो खुशीत होता. "काय नशीब बघ. सकाळी बसायच्या आधी तू जरा खाली बघितलं असतंस ना, तर ठाणं गेलंच होतं."

"चांगलं बघून बसले होते," शुभदा म्हणाली.