डेलियाची खोली

एडिनबरात थंडी पडताच मी डेलियाचे कंद पुढच्या उन्हाळ्यासाठी जमिनीतून काढले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि पाहुण्यांच्या खोलीत पलंगावर निजवले. नाशिकहून आलेल्या सासूबाईंना हॉलमधला सोफा दिला.

"कंदांना गारठा सोसत नाही, आई. तीन वर्षं फुलांच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस आणलंय त्यांनी."

"खरंय. मी काय, नुसती मुलगी दिली," त्या तिसरी शाल पांघरत म्हणाल्या.

एकादशीला त्यांनी रताळ्याचा कीस केला. मी तीनदा मागून घेतला.

"रताळी कुठे मिळाली, आई?"

"पलंगावर. पेपरात गुंडाळून कोणी ठेवली होती, देव जाणे."

घास घशातच राहिला. सासूबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला.

"सावकाश, जावईबापू. आणि हात धुतलेत की माझी बॅग तेवढी त्या खोलीत ठेवा."