आत्तीच्या हातचं दूध

"मी आत जाणार न्हाय," वर्षाराणी स्ट्रेचरवर ताडकन उठून बसली. "आधी आत्तींना विचारा, माझ्या दुधात काय घालत्यात ते."

ऑपरेशन थिएटरच्या दारात सगळेच थबकले. शेजारच्या स्ट्रेचरवर आत्ती, म्हणजे सासू चिमणाबाई आडवी होती. आज तिची एक किडनी काढून सुनेला बसवायची होती. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बाळासोला बायकोकडे बघावं की आईकडे, तेच कळेना.

बाळंतपणात वर्षाराणीचं रक्त फार गेलं. किडन्यांना रक्त पोचलंच नाही आणि त्या कायमच्या निकामी झाल्या. तेव्हापासून राधानगरीहून कोल्हापूर, डायलिसिस, पुन्हा राधानगरी. माहेरच्या कुणाचीच किडनी जुळेना. बाळासोला शुगर. एकदा म्हशीची धार काढता काढता चिमणाबाई म्हणाली, "माझी घ्या की." बाळासो आनंदानं रडला. वर्षाराणीच्या डोक्याला मात्र भुंगा लागला. जिनं लग्न झाल्यापासून सुनेच्या भाकरीला कधी बरं म्हटलं नाही, ती अशी सहज किडनी कशी देईल?

त्यात हे दूध. ऑपरेशनआधी आठवडाभर तिघं दवाखान्याजवळ खोली घेऊन राहिली होती. डॉक्टरांनी परवानगी दिलेलं अर्धा कप दूध पहिल्याच संध्याकाळी कडू लागलं. दुसऱ्या दिवशी तिनं पाहिलं, तर सासू पाठ करून कपात काहीतरी ढवळत होती. अंगारा असेल? की किडनी द्यायची वेळच येऊ नये म्हणून काही? असं मनात आणायची लाज वाटत होती आणि ते मनातून जातही नव्हतं. या कुशीवरून त्या कुशीवर करत तिनं रात्री काढल्या. किडनी द्यायला निघालेल्या बाईवर आळ तरी कसा घ्यायचा? पण आज भूल चढायच्या आधी तिला राहवलं नाही.

डॉक्टर मृत्युंजय चिमणाबाईकडे वळले. "मावशी, काय घालत होता दुधात?"

"तुमचंच औषध," चिमणाबाई ठणकावून म्हणाली. "ती कॅप्सूल फोडून."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. ते औषध नवं होतं, त्याची चाचणी चालू होती. किडनी एकीकडून काढून दुसरीकडे जोडेपर्यंत तिचा रक्तपुरवठा तुटतो. मग रक्त पुन्हा सुरू झालं की ती आणखी दुखावते. हे सगळं सोसायचं बळ तिला आधीच मिळावं, म्हणून देणाऱ्यानं आठवडाभर कॅप्सूल घ्यायची होती.

"अहो, ते तुम्ही खायचं होतं!"

"मला काय धाड भरलीया? आजारी ती हाय. किडनीचं औषध आजाऱ्यानं खायाचं, का धडधाकटानं? आन् माझी तर तुमी काढूनच घेणार हायसा."

"मावशी, म्हैस बाजारला न्यायच्या आधी पेंड म्हशीला घालता, का गिऱ्हाइकाला?"

चिमणाबाईनं जीभ चावली. आईनं चूक मानल्याचं बाळासो जन्मात पहिल्यांदाच बघत होता.

"आज ऑपरेशन नाही," डॉक्टर म्हणाले. आता त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. "हे औषध हिच्यासाठी नव्हतं. हिच्या अंगात किती साठलंय, ते आधी तपासायला लागेल."



"काय साठलं नसंल," वर्षाराणी हिरव्या झग्याच्या नाड्या पिळत म्हणाली. "पहिला दिस सोडला तर सगळं दूध मी मोरीत ओतलंय."

औषध ना किडनीला लागलं, ना सुनेला. आता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. वर्षाराणीला रडू आवरेना.

"आत्ती, मला एका शब्दानं सांगायचं तरी. एवढं लपवून कशाला घालायचं?"

चिमणाबाईनं आवाज खाली घेतला.

"सांगितलं असतं, तर माझ्या हातचं प्याली असतीस व्हय तू?"