घागर आणि शिडी

मतदानाच्या सकाळी इंदुमतीबाई शाळेतल्या केंद्रावर एकट्याच आल्या. लग्नापासून त्या दर निवडणुकीला भास्कररावांबरोबर यायच्या. ते शिडीला मत द्यायचे, या घागरीला. मग समोरच्या हॉटेलात मिसळ खाताना, कुणी कुणाचं मत वाया घालवलं यावर दोघांचं भांडण जुंपायचं. भास्करराव वैशाखात गेले.

टेबलामागच्या मुलीने त्यांच्या बोटाला शाई लावली. "झालं, काकू."

"अगं, पण मी मत कुठं दिलं?"

"यंत्रानं दिलंय सकाळीच, घागरीला. यंदापासून बटण दाबावं लागत नाही. माणसाचं मन त्याला ठाऊक असतं. शाई तेवढी ठेवलीय, लोकांना बरं वाटतं म्हणून."

"मला या वेळी शिडीला द्यायचंय. ह्यांच्या वाटचं."

मुलीने यंत्राला विचारलं. पडदा लाल झाला. तिने आवाज खाली आणला. "ते म्हणतंय, हे तुमचं खरं मत नाही, दुःखाच्या भरातलं आहे. असं मत ते धरत नाही. तुमच्याच हक्काचं रक्षण होतं त्यात."

"माझं मन बदललंय, बाळ."

"बदललं असतं तर त्याला कळलं असतं, काकू."

इंदुमतीबाई हॉटेलात जाऊन नेहमीच्या टेबलाशी बसल्या. मिसळ समोर आली, पण शाईच्या बोटाने त्यांना पाव तोडावासा वाटेना. जन्मभर त्यांना भास्कररावांना एका मताने हरवायचं होतं. आज घरातून घागरीला एक मत पडलं होतं, शिडीला एकही नाही. हरवलं होतं, आणि इंदुमतीबाईंना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.